वावरात काम करणारी माणसं काढतो पण ती काम करून राहिली असं वाटतच नाही, काय करावं?

पऱ्हाटी_आर्ट
नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा साईडचं गाव. बारावी झाली, आता बीएफएची म्हणजे चित्रकलेच्या पदवीची सीईटी द्यायची आहे, नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात नंबर लागला तं लय झालं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्या. वस्तुचित्राचं मले टेन्शन नाही, गडवा ठेवा, कंदील ठेवा, कांदे ठेवा, शेडिंगसकट जमते. अडून राहिलं ते स्मरणचित्रात, कारण त्यात माणसं येतात. बाजार, पोळा, बसस्टँड असा विषय आला की आठ-दहा माणसं तं काढाच लागतात आणि माझी सगळी माणसं नुसती उभी. प्रमाण बरोबर असते, माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट, म्हणजे साडेसात डोकी मोजून काढतो, बोटं पण नीट येतात, पण डवरा (पिकातलं तण काढाचं बैलाचं अवजार) हाकणारा काढला तं तो डवऱ्याजवळ फोटो काढाले उभा राहिल्यासारखा दिसते.

यूट्यूबवर जेस्चर ड्रॉईंगचे व्हिडिओ पाहिले. तिथं मॉडेल असते, तीस सेकंद झाले की पोज बदलते, सगळे आपले काढत बसतात. आमच्या गावात मॉडेल म्हणून कोण बसन? म्हणून वही घेऊन वावरात जातो. पण मी डोकं काढेपर्यंत माणूस वाकते, वाकलेलं काढाले घेतलं का उठते, पानावर नुसते अर्धे अर्धे तुकडे राहतात. मंग मोबाईलवर फोटो घेऊन घरी बसून काढतो, ते पुरं होते पण त्यात काही जीव नाही. हालणाऱ्या माणसाले पकडाचं कसं, आणि फोटोवरून करावं का नाही, कोणी नीट सांगन का? ज्यायनं स्वतः केलं त्यायनं सांगा प्लीज.

ड्रॉईंगवाले_सर
पोरा, वाशीम जिल्ह्यात हायस्कूलला चित्रकला शिकवतो, हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तू साडेसात डोकी मोजून सुरुवात करतोस तिथंच गाडी अडते. ते माप ताठ उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचं आहे. तो वाकला, उकिडवा बसला, तुझ्याकडे झुकला की ते माप कागदावर लागूच होत नाही, मांडी आखूड दिसते, छाती अर्धी झाकते. आणि डोक्यापासून सुरू करून कडेकडेनं खाली उतरत गेलास तर पायापर्यंत पोचेस्तोवर समोरचा माणूस तिसऱ्याच पोजमध्ये गेलेला असतो. मोजणं लागतं, पण ते नंतर.

आधी एवढंच पाहायचं की भार कुठं आहे. उभ्या माणसाच्या गळ्याखाली जो खळगा असतो तिथून मनातल्या मनात ओळंबा सोड. एका पायावर भार देऊन उभा असेल तर ओळंबा त्याच पायाच्या आसपास येतो. त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो, म्हणजे धडाची एक कड दबते आणि दुसरी ताणली जाते. दबलेल्या कडेला सदऱ्याच्या चुण्या गोळा होतात, ताणलेल्या कडेला कापड सपाट राहतं. खांद्याची रेघ आणि कमरेची रेघ समांतर काढलीस की माणूस ताठ झालाच म्हणून समज. तुझ्या वहीतली चित्रं काढून बघ, मला वाटतं सगळीकडे त्या दोन्ही रेघा आडव्या असतील.

चालणाऱ्या माणसाचं वेगळं असतं. त्याचा ओळंबा मागच्या पायाच्या पुढं पडतो, तो क्षणभर पडायच्या बेतात असतो आणि पुढचा पाय टाकून सावरतो. उजवा पाय पुढं तर डावा हात पुढं, खांदे आणि कंबर एकमेकांच्या उलट फिरतात. हे सगळ्यांना माहीत असतं पण काढताना पोरं धड सरळच ठेवतात आणि नुसते हातपाय पुढंमागं करतात. आता तुझा डवरेवाला घे. तो रुमण्यावर, म्हणजे डवऱ्याच्या दांड्यावर, भार देऊन चालतो. चित्रातला डवरा अंगठ्यानं झाकून बघ, माणूस पुढं तोंडघशी पडेल असं वाटलं पाहिजे. डवरा झाकूनही तो आरामात उभा दिसत असेल तर त्याचा भार तू रुमण्यावर दिलेलाच नाहीस. ही एवढी तपासणी ओझं ओढणाऱ्या, ढकलणाऱ्या, टेकलेल्या कोणालाही लावता येते.

काढायचा क्रम सांगतो. डोक्याचा कल एका झटक्यात, मग मानेपासून पाठीवरून भाराच्या पायाच्या टाचेपर्यंत एकच रेघ, ॲनिमेशनवाले तिला लाईन ऑफ ॲक्शन म्हणतात. मग खांद्याची आणि कमरेची तिरपी रेघ. मग दुसरा पाय, हात सगळ्यात शेवटी. बोटं, चेहरा, शर्टाची बटणं काही नाही. हात खांद्यापासून फिरव, मनगटावरून काढलं की रेघ लहान लहान तुटक येते. सुरुवातीला दोन मिनिटं घे, मग एक मिनिट, मग तीस सेकंद.

आणि जमलं तर एकदा अजिंठ्याला जाऊन ये, बुलढाण्याकडून फार लांब नाही. १ नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आहे, त्याची मान एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर पुन्हा उलट, यालाच त्रिभंग म्हणतात, मी वर जे खांदा-कमरेचं लिहिलं ते सगळं तिथं भिंतीवर आहे. १७ नंबरमध्ये उडणारी अप्सरा आहे, तिच्या गळ्यातल्या माळा एका बाजूला झोका खाऊन गेलेल्या दाखवल्यात, तेवढ्यानं ती सरकतेय हे कळतं. १६ नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्यानं, वराहदेवानं करवून घेतलं, तसा शिलालेखच आहे तिथं, आणि ही वाकाटकांची शाखा वत्सगुल्मची म्हणजे आमच्या वाशीमची. पाचव्या शतकातलं काम आहे. आपल्याकडच्या पोरांनी ते पाहिलंच पाहिजे असं मला फार वाटतं, शाळेच्या सहली कुठं कुठं जातात आणि हेच राहून जातं.

कबड्डी_डावा_कोपरा
मी चित्र काढत नाही भाऊ, आमच्या मंडळाच्या भिंतीवर खेळाडू रंगवाचे होते म्हणून इथं शोधत आलो, पण सरांनी भाराचं जे सांगितलं ते मैदानावर आम्ही रोज पाहतो म्हणून लिहून राहिलो. रेडर कुठं जाणार हे त्याच्या हाताकडं पाहून कळत नाही, हात तो फसवाले हलवते, पायाकडं पाहावं लागते, ज्या पायावर भार आला त्या पायानं तो जमीन ढकलणार म्हणजे जाणार उलट्या बाजूले. डाव्या पायावर दबला का उजवीकडं गेलाच समजा. आणि कोपऱ्यावरचा खेळाडू कधीच टाचेवर उभा राहत नाही, टोंगळे (गुडघे) वाकलेले, भार चवड्यावर, टाच जमिनीले जेमतेम लागलेली, कारण टाचेवर असला तं पाय पकडाले उडी मारताच येत नाही. आमच्या भिंतीवर पेंटरनं सगळे खेळाडू टाचा टेकवून काढले होते, कपडे बरोबर, नंबर बरोबर, पण पाहिल्याबरोबर सगळ्या पोरायले वाटलं का हे खेळतच नाहीत. दुसरं म्हणजे पकड झाल्यावरचं कोणी काढू नये असं मले वाटते, पकड व्हायच्या आधीचं काढावं, रेडर वाकून हात लांब करून राहिला आणि कोपरा दबून बसला, त्यात पुढं काय होणार हे पाहणाऱ्याले समजते. बाकी मोबाईलवर स्लो मोशन घे ना, आम्ही मॅच तशीच पाहतो, पाय कसा पडते ते एकदम साफ दिसते.

पऱ्हाटी_आर्ट
सर, आताच वही काढून पाहिली, खांदा आणि कंबर खरंच सगळीकडं आडवी आहे. कबड्डीवाले दादा, आधीचं काढाचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. पण स्लो मोशन लावून पॉज करू तं ते फोटोसारखंच नाही का होणार? पुन्हा तेच झालं तं?

पडदेवाला_वडसा
मोबाईलचं ऐकू नका जी. मी वडशाले राहतो, झाडीपट्टीच्या नाटकायचे पडदे रंगवतो, दिवाळी झाली का आमचा सीझन सुरू, रात्रभर नाटक आणि दिवसा रंग. फोटो खोटा नसते पण त्यात वेळ नसते. आपला डोळा माणसाले चालताना पाहते म्हणजे आताचं थोडं, आधीचं थोडं असं मिळून पाहते, फोटोत त्यातलं एकच सापडते, आणि नेमकं असं सापडते का पाय हवेत लटकल्यावाणी दिसते.

हा वाद जुना आहे. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं बारा कॅमेरे रांगेत लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले. तोवर चित्रकार लोक पळता घोडा म्हणजे पुढचे दोन पाय पुढं ताणलेले आणि मागचे दोन मागं ताणलेले असा काढत. फोटोत दिसलं का चारी पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, ताणलेले नसतात. म्हणजे चित्रकार चुकले होते. पण रोदँ नावाचा मोठा फ्रेंच शिल्पकार म्हणे का चित्रकारच खरा आणि फोटो खोटा, कारण वेळ काही थांबत नाही. जेरिको नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या १८२१ च्या शर्यतीच्या चित्रात घोडे तसेच ताणलेले आहेत आणि तरी ते पळतात. मले रोदँचं पटते. आमच्याकडं शंकरपटात, म्हणजे बैलायच्या शर्यतीत, बैल सुटतात तेव्हा पायाकडं कोणाचं लक्ष असते, मान खाली, पाठ लांब आणि हाकणारा मागं कलला, एवढंच डोळ्यात राहते, तेच काढावं.

पडद्यावरची एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या कामाची आहे. आमचं प्रेक्षक लय लांब बसते, शेवटच्या रांगेतल्या माणसाले चेहरा काय दिसणार. म्हणून मी आकृती काढली का आधी पूर्ण काळी भरतो, नुसती सावली. सावलीवरून माणूस काय करून राहिला हे समजलं तं पुढचं काम, नाही समजलं तं पुन्हा. हात छातीपुढं असले का सावलीत हरवून जातात, ते धडापासून बाहेर काढा लागतात, टोंगळा आणि कोपर बाहेर दिसला पाहिजे. जुने नट स्टेजवर हे आपोआप करतात, कुऱ्हाड उचलाची तं अशी बाजूनं उचलतात का मागच्याले पण दिसावी. तुमच्या बाजाराच्या चित्रात दहा माणसं एकमेकात मिसळून राहिली असतील तं हाच उपाय करून पहा.

निळी_शाई
पडदेवाल्या दादांचं सावलीचं एकदम पटलं, पण मोबाईलला सरसकट नको म्हणू नका. मी हिंगणघाटजवळच्या खेड्यातली, घरची पऱ्हाटी (कपाशी) आहे, दिवसभर वावरात असते, काढायला वेळ संध्याकाळीच मिळतो. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहून काढायचं आणि अडलं तेवढंच व्हिडिओत पाहायचं, म्हणजे टाच उचलली होती का, कोपर कुठं होतं. व्हिडिओ पाहून सुरुवात केली की मात्र दादा म्हणतात तसंच होतं.

पऱ्हाटी_आर्ट भाऊ, तुझ्या अर्ध्या तुकड्यांचं सांगते, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटते. माणूस हालते म्हणून वैतागू नको. वावरातलं काम म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करणं. कापूस वेचणारी बाई वाकते, दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करते, ओटीत टाकते, सरळ होते, एक पाऊल सरकते, पुन्हा वाकते. तू वाकलेली काढायला घेतली आणि ती उठली तर ते चित्र तिथंच सोड, बाजूला उठलेली सुरू कर. ती वाकली की पुन्हा पहिल्यावर ये. एका पानावर चार-पाच चित्रं एकाच वेळी चालू ठेव, जी पोज परत येईल तिच्यावर दोन रेघा वाढव. यूट्यूबवरचं मॉडेल पोज सोडून गेलं की गेलं, इथं तीच पोज दिवसभर येत राहते. धानवाल्या भागात रोवणी चालते तिथं तर एका बांधीत दहा-दहा बाया एका ओळीत तेच करतात, एक उठली तर बाजूचीकडे बघायचं. आणि हापशी! दांडा वर जाताना हात लांब, टाचा उचललेल्या, सगळं अंग ताणलेलं, खाली दाबताना पोट आत, पाठ गोल, टोंगळे मोडलेले. जोर सगळा खाली जाताना लागतो. दोनच पोज आहेत आणि त्या दोन्ही शिकल्या की ताणणं-दबणं काय असते ते हाताला समजून जाते.

वाकण्याचं एक बघ, सगळे कमरेतून वाकवतात, पोटाच्या मध्यात घडी घातल्यासारखं. वेचणारी बाई खुब्यातून वाकते, पाठ बरीच सरळ राहते, टोंगळे जरा ढिले असतात, म्हणूनच तर दिवसभर निभते. आणि सकाळची बाई आणि दुपारची बाई एक नसते. ओटी रिकामी तोवर खांदे पुढं असतात. ओटी भरली की पोटापुढं भार येतो, मग ती चालताना खांदे मागं टाकते, पावलं जवळ पडतात आणि पाय थोडे फाकतात. एका हातात बादली असली की धड उलट्या बाजूला कलते आणि मोकळा हात बाहेर जाते. डोक्यावर टोपलं असलं की डोकं स्थिर, मान लांब, सगळी हालचाल कमरेत. भार बदलला की माणूस बदलते, कपडे तेच राहिले तरी. पदर आणि ओटीचं कापड नेहमी थोडं मागून येते, बाई वळली तरी पदर अजून आधीच्याच दिशेला असते, ते काढून बघ, सरांनी अप्सरेच्या माळेचं लिहिलं तेच आहे.

आता एक गोष्ट मोठ्या बहिणीच्या नात्यानं. बाया काम करत असताना धुऱ्यावर बसून टक लावून पाहू नको आणि न विचारता व्हिडिओ तर अजिबात घेऊ नको. आधी आपल्या घरच्या वावरात, आई, काकू, मामी यांच्यापासून सुरू कर. दुसऱ्यांकडे जायचं तर सांगून जा, की मी चित्र शिकून राहिलो, परीक्षा आहे. आणि काढलेलं दाखव. आमच्याकडच्या बायांना दाखवलं की त्या स्वतःच सांगतात, असं नाही, हात असा नसते, आणि करून दाखवतात. काम करणाऱ्या माणसाला आपलं अंग कुठं दुखते ते माहीत असते, त्यामुळे त्यांनी सांगितलेली दुरुस्ती फार नेमकी असते.

पऱ्हाटी_आर्ट
ताई, एका पानावर चार चित्रं चालू ठेवाची, हे डोक्यातच नव्हतं. आज मोठ्या आईले विचारून हापशीवर बसलो होतो, ती पाणी भरत होती, आणि पहिल्यांदा पान भरलं. चेहरे नाहीत, हात म्हणजे नुसत्या काड्या, पण मोठी आई पाहून म्हणे हे पाणी भरून राहिली न. लय बरं वाटलं. पेन्सिल मात्र पुरत नाही, ६बी लवकर संपते आणि चारकोल दारव्ह्यात मिळत नाही. काय वापरू?

निळी_शाई
हेच पाहिजे होतं, मोठ्या आईनं ओळखलं म्हणजे पास! चारकोल विकत कशाला, तुमच्याकडे तुराट्या आहेत ना. वाळलेल्या, करंगळीपेक्षा बारीक घे, साल काढून वीतभर तुकडे कर, झाकणाच्या डब्यात गच्च भर, झाकणाला खिळ्यानं एकच बारीक छिद्र पाड आणि डबा चुलीच्या इंगळात ठेव. छिद्रातून धूर येत राहील, धूर बंद झाला की डबा बाहेर काढ आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नको, गरम असताना हवा गेली की आतमधल्या काड्या पेटून राख होतात. चिंचेच्या बारीक फांद्यांचा पण चांगला होते, जुने लघुचित्रवाले कच्चं रेखाटन चिंचेच्याच कोळशानं करायचे. कागद म्हणशील तर खाकी कागद नाहीतर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. कोळसा आडवा धरून काढला की एका फटक्यात पूर्ण मांडी येते, बारीकसारीक काढायचा मोहच होत नाही.

कबड्डी_डावा_कोपरा
भाऊ, सीईटी झाली का आमच्या मंडळाची भिंत तूच रंगव, खरंच सांगतो. रंगाचा खर्च मंडळ करन.

पऱ्हाटी_आर्ट
दादा नक्की येतो. सर एक शेवटचं, परीक्षेच्या हॉलमध्ये तं समोर कोणी हालणारं नसते, मंग हे सगळं स्मरणचित्रात कसं आणू?

ड्रॉईंगवाले_सर
नाव स्मरणचित्र आहे तर आठवण्याचाच सराव करायचा. पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ म्हणून शिक्षक होते, ते विद्यार्थ्यांना बघायला लावायचे आणि नंतर समोर काही न ठेवता काढायला लावायचे. पडदेवाल्यांनी ज्या रोदँचं लिहिलं तो त्यांचाच विद्यार्थी. तो पुढं मॉडेलला एका जागी बसवायचाच नाही, फिरू द्यायचा आणि कागदाकडे न बघता काढायचा. १९०६ मध्ये कंबोडियाच्या नर्तकी फ्रान्समध्ये आल्या तेव्हा त्यांच्यामागं पॅरिसहून मार्सेलपर्यंत गेला, इतकं त्याला हालचालीचं वेड.

तू असं कर, बाजाराच्या दिवशी वही घरीच ठेव. भाजीवाली तराजू उचलते ती पाच मिनिटं नुसती बघ, भार कोणत्या पायावर, कोणती कड दबली, हे मनातल्या मनात बोलत बघ. मग घरी येऊन काढ. जे आठवणार नाही ती जागा रिकामी सोड, मनानं भरू नको, पुढच्या बाजाराला तेवढंच बघून ये.

हॉलमध्ये पहिली दहा मिनिटं पूर्ण कागदावर फक्त लाईन ऑफ ॲक्शन आणि भाराचे पाय, हलक्या हातानं, सगळ्या माणसांचे. जमीन सपाट आणि तू उभा राहून पाहतोयस असं धरलंस तर तुझ्या उंचीच्या सगळ्यांची डोकी, जवळचा असो की लांबचा, क्षितिजाच्या एकाच रेघेवर येतात, पाय मात्र लांबच्याचे वर सरकतात. बसलेले आणि पोरं त्या रेघेच्या खाली. एवढं बसलं की मग पडदेवाल्यांची सावली तपास, कोण कोणात मिसळलं ते सरकव, आणि त्यानंतरच कपडे, टोपल्या, छत्र्या. रंगाला वेळ कमी पडला तरी चालेल, हा पहिला भाग घाईत उरकू नको. आणि तुराटीचा कोळसा जमला की इथं फोटो टाक, मला माझ्या शाळेतल्या पोरांकडून करून घ्यायचा आहे.